दोरीवालीची भाची

वहीवाली पहिल्यांदा आली तेव्हा बेडूकराव चाळीस हात खाली होता. तो वर असता तर पहिल्याच दमात खरं सांगून मोकळा झाला असता आणि पुढचं काही घडलंच नसतं. पण विहिरी खणणारा माणूस दिवसा वर सापडत नाही. म्हणून तर लोक त्याला बेडूकराव म्हणत. वर होत्या दोघी. त्याची बायको, जिला सगळे दोरीवाली म्हणून ओळखत, आणि लेक.

त्या वर्षी पावसाने दोनदा हुलकावणी दिली होती. मळेवाल्याने आधी मशीन आणून तीन ठिकाणी बोअर मारली. तिन्हीतून नुसती धूळ निघाली, तेव्हा त्याला आजोबांच्या वेळच्या विहिरीची आठवण झाली. गाळ काढायचा, तळ आठ हात खाली न्यायचा. चार वर्षं त्या मशीनने बेडूकरावाच्या हातचं काम पळवलं होतं. त्यामुळे मळेवाल्याचा निरोप आला तेव्हा दोरीवालीला आनंद व्हायच्या आधी संशय आला.

"आपल्याला बोलावतोय म्हणजे दुसरं कोणी तयार नाही. खडक कच्चा असणार."

"खडक मी बघतो," नवरा म्हणाला, "तू दोरी बघ."

दोरी ती बघतच होती, बावीस वर्षं. लाकडी खांबावर कप्पी, कप्पीतून खाली सोडलेला हाताच्या अंगठ्याएवढा जाड दोर, आणि दोराच्या या टोकाला त्या दोघी मायलेकी. गाळाची घमेली ओढायची, ओतायची, रिकामं घमेलं खाली सोडायचं. सकाळी आणि संध्याकाळी त्याच दोराला फळी बांधून नवऱ्याला उतरवायचं, चढवायचं. खालून एक हिसका आला की थांबा. दोन आले की ओढा. तीन आले की हातातलं सगळं टाकून ओढा.

लेक जन्माची बहिरी, त्यामुळे मुकी. पण दोरीवर तिच्यासारखं माणूस दहा गावांत नव्हतं. वर कोणी हाक मारो, भांडो, कुत्रं भुंको, तिचं लक्ष हलत नसे. खालचा हिसका दोरीवालीच्या हाताला कळायच्या आधी तिच्या हाताला कळायचा. वीस वर्षांची, खांद्याने बापासारखी रुंद. तिला बोलवायचं झालं की आई जमिनीवर टाच आपटायची.

तर अशा भर उन्हात वहीवाली आली. बावीस-तेवीसची, खांद्याला झोळी, पायांत कापडी बूट, नाकाचा शेंडा उन्हाने सोललेला.

"मावशी, मी कॉलेजातून आलेय. समाजकार्य शिकते. आम्हाला आठवड्यातून दोन दिवस फील्डवर्क असतं. पलीकडच्या संस्थेत माझी नेमणूक झालीय. मी मंगळवारी आणि शुक्रवारी येत जाईन."

"कशाला?"

"तुमच्याबरोबर राहायला. बघायला, शिकायला."

"विहीर खणायला शिकायचीय?"

"नाही, म्हणजे तुमचं जगणं."

"आमचं जगणं काय स्वयंपाक आहे, बघून करता येईल?"

पोरगी हसली. हसताना तिने झोळीतून वही काढली आणि दोरीवाली सावध झाली. वही घेऊन आलेला माणूस द्यायला येत नाही, एवढं तिला पक्कं ठाऊक होतं. खाणीवर दगड फोडणारी तिची मैत्रीण होती, तिच्या दाराशीही असाच एक वहीवाला आला होता. गोड बोलला, लंगड्या पोरीचं नाव लिहून नेलं, उपचार करू म्हणाला. पोरीला गाडीत घालून नेलं. पहिल्या महिन्यात मैत्रीण भेटून आली. दुसऱ्या महिन्यात गेली तर म्हणे, तिची दुसरीकडे बदली झाली. पोरीची बदली! तहसीलदार असल्यासारखी. ती दुसरी जागा कुठली, ते मैत्रिणीला अजून कळलेलं नव्हतं.

"घरात कोण कोण असतं, मावशी?"

"मी आणि नवरा."

"आणि या ताई?"

दोरीवालीने घमेलं ओढता ओढता लेकीकडे पाहिलं. लेक दोराकडे बघत होती.

"ती होय? माझ्या बहिणीची. पाहुणी आलीय आठ दिवस."

पाहुण्याला कोण मोजतं? असा तिचा हिशेब होता.

पण वहीवाली मंगळवारी आली, शुक्रवारी आली, पुन्हा मंगळवारी आली, आणि पाहुणी काही जाईना. खोट्याला पाय नसतात म्हणतात. दोरीवालीच्या खोट्याला तर नुसते पायच फुटत गेले. आठ दिवसांची पाहुणी का राहिली, तर तिची आई वारली. मग वडील? तेही गेले. वय किती? दोरीवालीने ऐकलं होतं की मोठ्या मुक्या-बहिऱ्या पोरींना शहरातल्या कारखान्यात नेऊन बसवतात. म्हणून तिने सांगितलं, "पंधरा. अंगाने थोराड आहे, एवढंच."

वहीवालीने लिहून घेतलं.

एका मंगळवारी तिने विचारलं, "काका पितात का?"

"पितात ना. पाणी. तेही मिळालं तर."

"तसं नाही..."

"मग कसं? चाळीस हात खाली जाणारा माणूस पिऊन उतरेल, आणि मी त्याला उतरवीन?"

पोरीने मान खाली घातली आणि काहीतरी खोडलं. त्यानंतर ती स्वयंपाकाच्या जागेकडे गेली आणि भांड्यावरचं झाकण उचलून आत डोकावली. बघायचं म्हणून नव्हे, सहज, हाताला चाळा म्हणून. पण दोरीवालीच्या कानशिलाची शीर तटतटली. सकाळपासून उपाशीपोटी राबलेल्या बाईच्या भांड्यात किती शिल्लक आहे, ते कोणी बघितलं की अंगावरचं फडकं ओढल्यासारखं होतं. तिने झाकण हातातून घेतलं आणि दाबून बसवलं.

"मावशी, मी काही मदत करू?"

"कर. तो गाळ ढिगावर टाक."

तिला वाटलं होतं, पोरगी दोन घमेल्यांत पळून जाईल. वहीवालीने बावीस घमेली टाकली. कापडी बुटांचा चिखल झाला, तळहाताला फोड आले. जाताना तिने एक छापील कागद पुढे केला. "मावशी, मी आज आले होते म्हणून इथे अंगठा द्याल? सहीसुद्धा चालेल. कॉलेजात दाखवावा लागतो."

"अंगठा?" दोरीवाली दोन पावलं मागे सरली. "अंगठा मी मेल्यावर घ्या."

मग म्हणे संस्थेच्या साहेबांचीच सही चालते. साहेब विहिरीवर कधी फिरकले नव्हते. आल्या-गेल्याची सही मात्र त्यांची. दोरीवालीने हे मनात नोंदवून ठेवलं. जो बघत नाही त्याची सही चालते, जी बघते तिचा अंगठा मागतात.

पण एक गोष्ट तिला जड जायला लागली होती. लेकीला वहीवाली आवडली होती. घमेली ओतून झाली की दोघी ढिगाच्या सावलीला बसायच्या आणि पोरगी बोटांनी विचारायची, हे काय, ते काय. लेक दाखवायची. घरातल्या घरात वीस वर्षांत तयार झालेल्या खुणा होत्या त्या. बाप म्हणजे हात सरळ खाली सोडायचा. आई म्हणजे हनुवटीवर बोट, तिथे दोरीवालीला मोठा तीळ होता. मळेवाला म्हणजे फुगवलेले गाल. वहीवालीसाठी लेकीनं नवी खूण केली, तळहातावर बोटाने रेघोट्या. आजवर त्या खुणा शिकायला कोणी आलं नव्हतं. सख्खे काकासुद्धा लेकीशी बोलताना नुसते ओरडायचे.

'जाळं टाकतेय,' दोरीवाली मनाशी म्हणाली. 'आधी लळा, मग गाडी.'

पाचव्या आठवड्यात दोराचा एक तुटका धागा लेकीच्या तळहातात सुईसारखा घुसला. दोरीवालीने घमेलं खाली टाकलं, तिचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला, दातांनी धागा उपसला आणि रक्त चोखून थुंकलं. मग मनगट धरून तळहातावर फुंकर घालत बसली, लेक चार वर्षांची असल्यासारखी. वर पाहिलं तर वहीवाली समोर उभी.

"तुमची भाची अगदी तुमच्यासारखी चालते, मावशी," ती हळूच म्हणाली.

"मावशीवर गेलीय. माय मरो पण मावशी जगो म्हणतात, ते काय उगाच?"

पोरगी तिच्याकडे बघत राहिली. वही तिच्या हातातच होती. त्या दिवशी तिने ती उघडली नाही. दोरीवालीला त्या उघड्या वहीपेक्षा मिटलेल्या वहीची जास्त भीती वाटली.

*

सातव्या आठवड्यातल्या गुरुवारी गाडी आली. खरं तर तो वहीवालीचा दिवस नव्हता. दुपार उतरत होती. बेडूकरावाने खालून दोन हिसके दिले होते आणि मायलेकी त्याला वर घेत होत्या. तेवढ्यात बांधावर धूळ उडाली. गाडीतून संस्थेचे साहेब उतरले, पांढरा शर्ट, हातात कागद. त्यांच्या मागून कॉलेजच्या बाई, पिकल्या केसांच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. सगळ्यांत मागे वहीवाली, चेहरा उतरलेला. मळेवालाही गाडी बघून आंब्याखालून उठून आला.

"थांबवा हे," साहेब लांबूनच म्हणाले. "त्या मुलीला आधी बाजूला घ्या."

"दोरीला माणूस आहे, साहेब," दोरीवाली मागे न बघता म्हणाली.

"मी काय सांगतोय? पंधरा वर्षांची पोर, तीही मुकी-बहिरी, तीही अनाथ, आणि तुम्ही तिला विहिरीच्या तोंडाशी..."

"साहेब, माणूस आहे दोरीला!"

साहेब चांगले होते की वाईट, हे दोरीवालीला पुढेही कधी ठरवता आलं नाही. त्यांना घाई होती एवढं खरं. त्यांनी जाऊन मागून लेकीचा दंड धरला. त्यांची पावलं तिला ऐकू आली नव्हती. परका हात अंगावर पडताच ती दचकून गर्रकन वळली आणि दोर तिच्या मुठीतून सुटला.

बेडूकरावाचा सगळा भार एकट्या दोरीवालीवर आला. दोराने तिला फरफटत तीन पावलं काठाकडे नेलं. तळहाताची साल निघाली. काठाच्या दगडाला टाच अडली आणि ती मागे झोकून बसली. खालून नुसता एक आवाज आला, ओलं पोतं भिंतीवर आपटावं तसा. मग लेकीनं झेप घेऊन दोर धरला, तिच्या मागे वहीवालीने धरला, मळेवाल्याने पोट सांभाळत धरला. कॉलेजच्या बाईंनीही चष्मा पडू देऊन दोराच्या शेपटाला हात घातला. साहेब तेवढे हातातले कागद छातीशी धरून उभे राहिले.

बेडूकराव वर आला तो चिखलाने काळा, डावा खांदा धरून. काठावर बसला, दम घेतला आणि सगळ्यांवरून नजर फिरवली.

"दोर कोणी सोडला?"

साहेबांचा आवाज आता खाली आला होता. "हे पाहा, तुम्ही एका अनाथ अल्पवयीन मुलीला..."

"कुठली अनाथ?"

"ही. तुमच्या बायकोच्या बहिणीची मुलगी."

"बायकोला बहीण नाही," बेडूकराव म्हणाला. "ही माझी पोरगी आहे."

"तुमच्या पत्नीनेच सांगितलंय. या विद्यार्थिनीच्या अहवालात लिहिलंय. आई वारली, वडील वारले..."

"मी वारलो?" त्याने बायकोकडे पाहिलं. "काय सांगितलंस तू यांना?"

दोरीवालीने सोललेले हात काखेत दाबले. मळेवाला बघत होता, त्याचे दोन गडीही येऊन उभे राहिले होते. आयुष्यात ती उपाशी राहिली होती, पण कोणासमोर खोटी पडली नव्हती.

"मला वाटलं, नेतील तिला," ती म्हणाली. "म्हणून सांगितलं."

कॉलेजच्या बाईंनी चष्मा पुसला आणि वहीवालीकडे वळल्या. "तू सात आठवडे येतेयस इथे. तुला कळलं नाही?"

"कळलं होतं, बाई. पाचव्या आठवड्यात."

"मग लिहिलं का नाहीस?"

"तुम्हीच शिकवलंत, समोरचा माणूस सांगतो ते लिहायचं, आपल्या मनातलं घुसडायचं नाही." ती म्हणाली. "आणि मी खोडलं असतं, तर त्या खोटं बोलल्या असं झालं असतं."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर बसवला. "ऐकून लिहायचं म्हणजे डोळे मिटून लिहायचं असं मी शिकवलं नव्हतं. तुझे झालेले सगळे दिवस रद्द. पुन्हा पहिल्यापासून."

एवढ्यात लेकीने वहीवालीची बाही ओढली. तिला सगळ्यांची तोंडं दिसत होती, सगळी आपल्याकडे बघतायत तेही दिसत होतं. काय झालं? तिने बोटांनी विचारलं. वहीवालीने एकदा दोरीवालीकडे पाहिलं. मग तिचे हात हलले. हनुवटीवर बोट. मग तू. मग नाही. तू तिची नाही, आई म्हणते.

लेकीने पुन्हा विचारलं. वहीवालीने पुन्हा तेच सांगितलं.

"तिला कशाला सांगितलंस?" दोरीवाली किंचाळली.

"तिनं विचारलं, मावशी."

*

त्या संध्याकाळी बेडूकराव खांदा बांधून भिंतीला टेकून होता. हाड मोडलं नव्हतं, पण हात वर जात नव्हता. दोरीवालीने ताट वाढून लेकीपुढे सरकवलं. लेकीने ते परत सरकवलं. दोरीवालीने तिच्यासमोर बसून हात हलवायला सुरुवात केली, तुला नेतील म्हणून, गाडी, खाणीवरची लंगडी. लेकीने थोडा वेळ पाहिलं आणि डोळे मिटून घेतले.

बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की संपलं. ओरडून उपयोग नाही, रडून उपयोग नाही. दोरीवालीने टाच आपटली. जमीन हलली असेल, लेकीला कळलंही असेल. तिने डोळे उघडले नाहीत.

"मला जिवंत मारलंस ते मारलंस," बेडूकराव अंधारातून म्हणाला, "पण तिला बिनआईची करायला नको होतं."

तीन दिवसांनी संस्थेत बोलावणं आलं. जबाब व्हायचा होता. घाम येईपर्यंत चालून तिघं पोचले. दोरीवालीने आधी गाडी कुठे उभी आहे ते पाहिलं, मग फाटक आतून कसं बंद होतं ते. खोलीत टेबलामागे साहेब, शेजारी कॉलेजच्या बाई, कोपऱ्यात वहीवाली आणि बहिऱ्यांच्या शाळेतल्या एक शिक्षिका. त्या शिक्षिकेने लेकीशी हातांनी बोलून पाहिलं. लेक नुसती बघत राहिली. तिला त्यांच्या खुणा कळेनात, त्यांना हिच्या. शेवटी शिक्षिकेने मान हलवली.

"हिच्या खुणा घरच्या आहेत. हिच्या घरचंच कोणीतरी लागेल."

"घरचे चालणार नाहीत," साहेब म्हणाले. "तिऱ्हाईत पाहिजे."

सगळ्या खोलीत लेकीच्या खुणा जाणणारी तिऱ्हाईत एकच होती. वहीवाली उठून पुढे आली तेव्हा दोरीवालीने नजर फिरवली. जिला सात आठवडे बनवलं, तिच्याच हातात आता सगळं.

"विचार," साहेब म्हणाले. "ही बाई तुझी कोण?"

वहीवालीने विचारलं. लेकीने आईकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा पाहिलं. एवढा वेळ पाहत राहिली की बेडूकराव जागच्या जागी चुळबुळला. 'आता उगवेल सूड,' दोरीवालीला वाटलं. 'उगवू दे.' मग लेकीने हनुवटीला बोट लावलं. नंतर स्वतःच्या पोटावर हात ठेवून तो पुढे आणला.

"आई," वहीवाली म्हणाली. "हिच्या पोटची."

साहेबांनी लिहिलं. लेकीचे हात अजून चालू होते. वहीवाली अडखळली.

"काय म्हणतेय? सांग तसंच्या तसं," बाई म्हणाल्या.

"म्हणतेय, आई आहे, पण खोटारडी आहे."

शिक्षिकेला हसू आलं. दोरीवाली खाली बघत राहिली. सगळं संपलं असं वाटून बेडूकराव उठायला लागला, तर लेक उठलीच नाही. ती खिडकीतून बाहेर बघत होती. बाहेर अंगणात संस्थेत राहणाऱ्या आठ-दहा पोरी कापडांचे तुकडे घेऊन बसल्या होत्या. कापड मांडीवर पडलेलं, आणि हात हवेत. सगळ्यांचे हात. एक काहीतरी सांगत होती, बाकीच्या खदखदून हसत होत्या, आणि एकीच्याही तोंडून शब्द फुटत नव्हता.

लेकीने वहीवालीला खिडकी दाखवली. त्या काय करतायत?

बोलतायत.

सगळ्या?

सगळ्या.

लेक पुन्हा बाहेर बघत राहिली. तिचा श्वास चढला होता, घमेलं ओढताना चढतो तसा. मग तिने वळून काहीतरी सांगितलं, थोडक्यात. वहीवाली ते बोलायला तयार होईना.

"बोल ना," साहेब म्हणाले.

"म्हणतेय, मला इथं राहायचंय."

दोरीवाली ताडकन उठली. "खोटं! हे तुझं आहे, तिचं नाही! सात आठवडे याच्यासाठीच येत होतीस तू!"

"मावशी, मी..."

"तू गप्प बस. मी विचारते."

कोणी अडवलं नाही. ती लेकीसमोर जाऊन गुडघ्यांवर बसली. हात सोललेले, कापडाने बांधलेले, बोटं नीट वळत नव्हती. तू. इथे. राहायचं? आणि मी? आणि बाप? दोर?

लेकीने तिचे बांधलेले हात आपल्या हातांत घेतले, खाली ठेवले आणि अगदी सावकाश सांगितलं. खिडकीकडे बोट. तिथे हात. सगळ्यांचे. घरी आपण तीन. तिथे पुष्कळ. मला पाहिजे.

दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर दोरीवालीने त्यात काहीतरी काळंबेरं शोधलं असतं. इथे शोधायला जागा नव्हती.

"एक प्रश्न राहिला," कॉलेजच्या बाई म्हणाल्या. "वय. पंधरा असेल तर तिचं आई-बापांनी ठरवायचं, पण मग तिला दोरीवर उभं करता येणार नाही. मोठी असेल तर तिचं तिनं ठरवायचं. खरं वय किती?"

बेडूकरावाने तोंड उघडलं, आणि बायकोकडे बघून मिटलं. तिने सांगितलेलं तिनेच निस्तरायचं होतं. दोरीवाली लेकीसमोर तशीच बसलेली होती. पंधरा म्हटलं की पोर घरी. दोरावर नसेल, पण डोळ्यांसमोर असेल. नुसता एक शब्द, तोही आधीच लिहिलेला. लेक तिच्या तोंडाकडे बघत होती.

दोरीवालीने दोन्ही हात वर केले, बांधलेली दहा बोटं पसरली, मिटली आणि पुन्हा पसरली.

"वीस," वहीवाली म्हणाली.

"मला येतं सांगायला," दोरीवाली तिला म्हणाली. "वीस, साहेब. लिहा."

*

विहीर पुरी होईपर्यंत लेक थांबली. ते तिचंच म्हणणं होतं. बेडूकरावाचा खांदा बसायला दहा दिवस गेले, मग आणखी अकरा दिवस काम. मळेवाल्याने दोन गडी दिले, तरी तळाचा माणूस ओढायला दोरावर लेकच. पंधरा हात खोल गाळ निघाला होता. त्याखाली खणलेल्या सातव्या हातावर खडकाच्या भेगेतून पाणी पाझरायला लागलं. मोठं नव्हे, बोटाएवढं. बेडूकराव खालून ओरडला, तर मळेवाल्याचा विश्वास बसेना आणि दोरीवालीचाही. तिने घमेल्यातून पाणी मागवून चाखलं तेव्हा कुठे ते पाणी झालं.

दुसऱ्या दिवशी लेक गेली. गाडी आली होती, ती तिने परत पाठवली आणि बापाबरोबर चालत गेली. दोरीवाली बांधापर्यंतसुद्धा गेली नाही. घरात बसून तिने दोराचे तुटके धागे ओढून काढले, सगळे, संध्याकाळपर्यंत.

महिना तिने कसाबसा काढला. पुढच्या कामाला मळेवाल्याच्या गड्यांपैकी एकाला दोरावर घेतलं होतं. तो दोर धरून गाणी म्हणायचा. दोरीवाली दर घटकेला त्याची गाठ तपासायची आणि तो चिडायचा. 'बदली झाली' म्हणतील, हे वाक्य तिच्या डोक्यातून जात नव्हतं. महिना भरला त्या सकाळी तिने कोणाला न सांगता संस्थेचा रस्ता धरला.

फाटक उघडंच होतं. वहीवाली पायरीवर बसलेली. तिचे पहिल्यापासूनचे दिवस आता इथेच चालू होते. तिने उठून खुर्ची देऊ केली.

"खुर्ची राहू दे. पोर कुठाय?"

"आहे की. ती काय."

लेक अंगणात पोरींच्या मधोमध बसली होती. तिचे हात एवढ्या वेगाने चालले होते की दोरीवालीला बोटंसुद्धा वेगळी दिसेनात. घरच्या खुणा त्यात कुठे असतील तर असतील. एका पोरीने दोरीवालीकडे बघून लेकीला कोपर मारलं. लेक वळली. तिचा चेहरा उजळला, पण ती लगेच उठून आली नाही. आधी पोरींना काहीतरी सांगितलं. सगळ्या वळून दोरीवालीकडे बघायला लागल्या. दोघीतिघी हसल्या.

दोरीवालीने डोक्याचं फडकं सारखं केलं. "काय सांगितलं गं तिनं?"

"नाही कळलं, मावशी," वहीवाली म्हणाली. "आता ती माझ्या पुढं गेलीय."

"तुला कळलं नाही, की सांगायचं नाही?"

"शप्पथ नाही कळलं."

दोरीवालीने तिच्याकडे नीट पाहिलं. खरं बोलत असावी. मग ती स्वतःच पोरींच्या घोळक्यात शिरली, लेकीसमोर उभी राहिली आणि तिने विचारलं. मी कोण? काय सांगितलंस यांना?

लेकीने गंभीर चेहऱ्याने सगळ्यांकडे एकदा बघून घेतलं. मग हनुवटीला बोट लावलं, ते झटकून टाकलं, आणि शेजारी दुसरी बाई उभी असल्यासारखं हवेत बोट दाखवलं. आई नाही. आईची बहीण.

दोरीवालीचं तोंड एवढंसं झालं. आणि मग लेकीच्या ओठांचा कोपरा थरथरला, तिला आवरेना, आणि ती हसत सुटली. आपल्या त्या मोठ्या, बेसूर, स्वतःला कधी ऐकू न आलेल्या आवाजात. सगळ्या पोरी हसायला लागल्या.

दोरीवालीने तिच्या पाठीत एक धपाटा घातला. मग दुसरा घालायला हात उचलला आणि तो तिथेच तिच्या पाठीवर राहिला.

थोड्या वेळाने ती त्यांच्यातच फरशीवर मांडी घालून बसली. खरं काय सांगितलं होतंस, असं तिने पुन्हा दोनदा विचारलं. लेकीने काही केल्या सांगितलं नाही. तेव्हा तिने लेकीचे दोन्ही हात धरले आणि ते सावकाश हलवून दाखवले. हळू बोल. मला सगळं दिसलं पाहिजे.